एरंडवण्यातली सावलीची पट्टी : नोव्हेंबर ते नोव्हेंबर

१८ नोव्हेंबर

काकूंच्या बंगल्यावर पहिली भेट. घराच्या मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत २२ फूट लांब, ७ फूट रुंद पट्टी. उत्तरेची बाजू, आणि पूर्वेकडच्या निम्म्या भागावर शेजारच्यांचा आंबा झुकलेला. काकू म्हणाल्या, वीस वर्षांत इथे काही टिकलं नाही. मोगरा हिरवागार वाढला पण कळी धरेना, गुलाब दुसऱ्या पावसाळ्यात गेला. आता तिथे कपड्यांची तार आहे आणि जुन्या शहाबादी फरश्यांची चळत.

मागणी मात्र अगदी नेमकी. काकू यंदा चार महिने लेकीकडे मिनिआपोलिसला राहून आल्या. लेकीच्या घरामागे मेपलच्या गर्द सावलीत होस्टा नावाची पानांची झाडं लावलेली आहेत. "अगं, नुसती पानं! तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच जाऊन बसायचे. मला तसलं इथे करून दे." डायरीत जातींची नावंही लिहून आणलीत: सम अँड सबस्टन्स, हॅल्सियन, पेट्रिअट, फ्रान्सिस विल्यम्स, ग्वाकामोले, ब्लू माउस इअर्स. शेवटच्या नावापुढे त्यांनी 'उंदराचे कान' असं लिहिलंय. आपल्याकडे उंदीरकानी आहेच, जमिनीवर पसरणारी. पानाला उंदराचा कान म्हणायचं दोन्हीकडच्या लोकांना सुचलं याचं मला फार बरं वाटलं.

लगेच हो म्हटलं नाही. पुण्यात कुणाच्या बागेत होस्टा वर्षानुवर्षं टिकलेला मी पाहिलेला नाही. तीन दिवस मागून घेतलेत.

२१ नोव्हेंबर

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. कूळ शतावरीचं. नाव निकोलाउस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून, १८१२ मध्ये दिलेलं. जपानी लोक त्याला गिबोशी म्हणतात. त्यांच्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचे कळस असतात, ते गिबोशी. होस्टाची कळी तशीच दिसते. जपानमध्ये डॉक्टर म्हणून राहिलेल्या सीबोल्डने १८३० च्या सुमारास बरेच होस्टा युरोपात नेले. निळसर, जाड, सुरकुतलेल्या पानांच्या जातीला आजही त्याचंच नाव आहे, सीबोल्डियाना.

काकूंच्या यादीकडे नीट पाहिलं तर त्यातलं प्रत्येक नाव बागेत वेगळं काम करतं. सम अँड सबस्टन्स हा राक्षस आहे. पिवळट पोपटी, एकेक पान दीड फुटाचं, गड्डा पाच फुटांपर्यंत पसरणारा. अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावल्यासारखा दिसतो. पेट्रिअटच्या गडद हिरव्या पानाला पांढरी रुंद कड. ती लांबूनही वाफ्याची रेघ आखून देते. फ्रान्सिस विल्यम्स ही त्याच नावाच्या बाईंना १९३६ मध्ये कनेटिकटमधल्या एका रोपवाटिकेत रांगेतल्या निळ्या रोपांमध्ये वेगळी दिसली, निळ्या पानाला पिवळी कड असलेली. ग्वाकामोलेला सुवास आहे. तो त्याला प्लँटॅजिनियाकडून मिळाला, म्हणजे पांढऱ्या, मोठ्या, संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांच्या चिनी होस्टाकडून. ब्लू माउस इअर्स वीतभर उंचीचा, कडेला लावायचा. अमेरिकेतल्या होस्टा उत्पादकांनी २००८ चा 'वर्षाचा होस्टा' म्हणून तोच निवडला होता.

आणि हॅल्सियन. एरिक स्मिथ नावाच्या इंग्रज माळ्याने १९६१ मध्ये केलेल्या संकरातून आलेला. यादीतला सगळ्यात देखणा मला तोच वाटतो. त्याचा निळा रंग पानाच्या आत नसतो. पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यावरून उजेड परतताना पान निळं दिसतं. बोट फिरवलं की तेवढी हिरवी रेघ उमटते. उन्हाने आणि पावसाच्या माराने तो थर उतरतो, म्हणून निळे होस्टा उन्हाळा सरता सरता हिरवे होत जातात.

अडचण सावलीची नाही, झोपेची आहे. होस्टा हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतो आणि खाली कोंब धरून झोपतो. ती झोप पुरी व्हायला कित्येक आठवडे ५ अंशांच्या खालची थंडी लागते. कमी पडली तर वसंतात पानं लहान आणि मोजकी येतात, पुढच्या वर्षी त्याहून कमी, आणि गड्डा आतल्या आत संपतो. पुण्यात पारा १० अंशांपर्यंत उतरला की आपण स्वेटर घालतो, आणि पाराही पहाटेचे दोन-तीन तासच तिथे असतो. इथला नीचांक १.७ अंशांचा आहे, १७ जानेवारी १९३५ चा. एका पहाटेने होस्टाची झोप होत नाही.

२४ नोव्हेंबर

काकूंना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "लेक डिसेंबरात येतेय, बॅगेतून चार गड्डे आणेल." त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना जिवंत रोपं बाहेरून आणता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. होस्टाला एक विषाणू लागतो, होस्टा व्हायरस एक्स. १९९६ मध्ये मिनेसोटातच त्याचं पहिलं वर्णन झालं. गड्डा कापताना सुरीला लागलेल्या रसातून तो पुढच्या झाडात जातो, आणि वर्ष-दोन वर्षं झाड वरून ठणठणीत दिसू शकतं.

मग काकूंनी कपाटातून एक पाकीट काढलं. 'होस्टा बिया, मिश्र रंग, १०० नग'. ऑनलाइन मागवलेलं, वर जांभळ्या आणि मोरपंखी पानांचे फोटो. तसल्या रंगाचा होस्टा नसतोच. आणि खऱ्या होस्टाच्या बिया असत्या तरी पेट्रिअटच्या बीतून पेट्रिअट येत नाही. या जाती गड्डा फोडून किंवा ऊतीसंवर्धनानेच वाढवतात. काकूंनी त्या जूनमध्ये पेरल्या होत्या, उगवला तो माठ. त्यांना वाटत होतं आपल्याच हाताला यश नाही. तसं नाही हे त्यांना दोनदा सांगितलं.

ठरलं असं: पट्टीत होस्टाचं प्रत्येक काम इथल्या हवेत झोपणाऱ्या-उठणाऱ्या झाडाकडून करून घ्यायचं. आणि काकूंच्या मनासाठी, खरं तर माझ्याही, दोन होस्टा कुंडीत लावून बघायचे.

५ डिसेंबर

सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत दोन होस्टा मिळाले. ते कालिंपाँगकडून कंद मागवतात, त्यात आलेले. जातीचं नाव नाही. उरलेली पानं साधी हिरवी, रुंद, चकचकीत. प्लँटॅजिनियाच्या घराण्यातले असावेत. तसं असेल तर चांगलंच, कारण सगळ्या होस्टांत उकाडा तोच जास्त सोसतो.

एक गड्डा कुंडीत, काकूंच्या मागच्या पायरीवर. दुसऱ्याची माती झटकली, पानं कापली, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून छिद्रांच्या पिशवीत घातला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला. १० आठवडे. त्या कप्प्यात सफरचंद ठेवायचं नाही असं काकूंना सांगितलंय, फळातून निघणाऱ्या वायूने कोंब बिघडतात. काकूंनी पिशवीवर तारीख घालून 'ही आल्याची गाठ नाही' अशी चिठ्ठी लावली. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींसाठी.

१० डिसेंबर

तीन दिवस खोदकाम. वरचे चार इंच सोडले तर खाली बंगला बांधतानाचा राडारोडा: विटांचे तुकडे, चुना, मुरूम. मोगरा आणि गुलाबाला ऊन नव्हतं, पण मातीही नव्हती. माळीदादांनी पहारीने फूटभर खोल मोकळं केलं. आंब्याच्या मुळ्या लागल्या तिथे थांबलो, मनगटाएवढी मुळी तोडली की शेजारच्या झाडाचं नुकसान आणि आपल्याशी भांडण.

भिंतीलगत एक फूट माती घातलेली नाही, तिथे खडी. माती थेट भिंतीला भिडवली की पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल येते, मग दोष बागेला. उरला सहा फुटांचा वाफा. त्यात सव्वा ब्रासच्या, म्हणजे सव्वाशे घनफुटांच्या, आसपास भर लागली: दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पानांचं खत. पानांचं खत काकूंच्याच गच्चीवरचं. आंब्याची पानं त्या दोन वर्षं ड्रममध्ये कुजवतायत, काळं, भुसभुशीत, जंगलातल्या मातीचा वास. सावलीच्या झाडांना याहून चांगलं काही विकत मिळत नाही.

२८ जानेवारी

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला काकूंना घेऊन गेले. पानांच्या झाडांपाशी आम्ही तासभर होतो. काकूंनी डायरीत होस्टाच्या एकेका नावासमोर इथलं झाड लिहायला घेतलं. सम अँड सबस्टन्सच्या जागी सोनेरी फिलोडेंड्रॉन, आंब्याच्या बुंध्याकडच्या काळोख्या कोपऱ्यात. पेट्रिअटच्या जागी पांढरं कॅलेडियम, हिरव्या शिरांचं. कडेला स्पायडर प्लँट. ग्वाकामोलेच्या सुवासाला सोनटक्का, पश्चिमेच्या टोकाला, जिथे डोक्यावर आंबा नाही.

हॅल्सियनसमोरची जागा कोरी राहिली. तसा निळा इथे कुठे मिळणार, काही सुचत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

फ्रिजमधला गड्डा बाहेर. कोंब टणक, जांभळट, पाच मोजले. कुंडीत लावून पहिल्याशेजारी ठेवला. पायरीवरच्याने हिवाळाभर दोन पिवळट पानं धरून ठेवली होती, ना झोपला ना जागा राहिला.

आजच आजोळहून, चिपळूणकडून, भुईचाफ्याचे ११ गड्डे आले. मामीने मागच्या परसातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवले. आलं-हळदीच्या कुळातलं झाड, चाफ्याशी नातं नाही. दिवाळीनंतर पानं वाळतात आणि ते मातीत गडप होतं, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे होस्टासारखीच सवय, फक्त होस्टा थंडी मोजतो आणि हा कोरडेपणा. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे होस्टा उकाड्याने हरतो, तिथे बागवाले याच घराण्यातली झाडं होस्टाऐवजी लावतात. हे मी काकूंना उशिरा सांगितलं, कारण मलाही गेल्याच आठवड्यात कळलं. आजोळी विहिरीजवळ दरवर्षी बघत आले, पण बागेत लावायची वस्तू म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

वाफ्याच्या मध्यभागी दीड-दीड फुटावर लावले, दोन इंच खोल. एकदाच पाणी. आता कोंब दिसेपर्यंत पाणी नाही.

११ मार्च

फ्रिजवाला उठला. पाच कोंबांची पाच पानं, सुरळी सोडत वर आलेली, वितभर लांब, शिरा खोल आणि अगदी समांतर. काकूंनी सकाळी सातला फोन केला. पायरीवरच्याने दोन पानं काढलीत, चहाच्या बशीएवढीही नाहीत. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांत थंडीचा हिशोब समोर दिसतो.

२३ एप्रिल

काल वळवाची एक सर येऊन गेली. आज गेले तर काकू वाफ्याशी पाट टाकून बसलेल्या.

कोरड्या, भेगाळलेल्या मातीतून थेट फूल. पान नाही, देठ नाही. जमिनीला टेकलेलं, चार बोटं उंच. दोन पांढऱ्या उभ्या पाकळ्या, आणि खाली जांभळी, मधोमध चिरलेली, जीभ बाहेर काढावी तशी. पांढरा भाग इतका पातळ की मागची माती दिसते. वास घ्यायला जमिनीवर वाकावं लागतं. काकू गुडघ्यांनी हैराण असतात, तरी वाकल्या. एकूण सात फुलं, चार गड्ड्यांवर. संध्याकाळपर्यंत ती मलूल होतात, पण त्याच जागी उद्या दुसरी येतात.

१४ मे

माझी मोठी चूक आज लक्षात आली. मी ऊन नोव्हेंबरात मोजलं होतं. तेव्हा पट्टीत ऊन शून्य होतं आणि मी 'पूर्ण सावली' अशी नोंद केली. पण पुणे १८.५ अंश अक्षांशावर आहे. १३ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या भिंतीची सावली ही थंड देशांतल्या पुस्तकांतली खात्री आहे. इथे ऐन उकाड्यात, ३८-३९ अंशांत, ती भिंत सावली देत नाही. त्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन मार्चअखेरपासूनच उत्तरेकडून तिरपं येतं.

आंब्याखालचा भाग वाचला. पश्चिमेच्या आठ फुटांत आगाऊ लावलेल्या कॅलेडियमची पानं कागदासारखी भाजली. दोन्ही होस्टांच्या कडा तपकिरी. पायरीवरचा जवळपास संपला. संध्याकाळीच कपड्यांच्या तारेच्या खांबांना ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली, पाऊस येईपर्यंत राहील. इथे सावली मोजायची तर मे महिन्यातच मोजायची, हे पुढच्या प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे.

१९ जून

पाऊस लागला. नेट काढली. भुईचाफ्याला पानं, अकराच्या अकरा गड्ड्यांना. वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, उलटून पाहिलं तर मागे जांभळी. फिलोडेंड्रॉन, स्पायडर प्लँट, सोनटक्का आणि नवीन कॅलेडियम लावून झाले.

१२ जुलै

शंखी गोगलगायी. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर कंपाउंडवर चाळीसेक. फ्रिजवाल्या होस्टाची तीन पानं एका रात्रीत जाळी झाली. जगभर होस्टावाल्यांचं हेच रडगाणं आहे आणि यंदा ते प्रत्यक्ष पाहिलं. दादांनी गावाकडची युक्ती केली: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यालगत अंथरायचं, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आठ दिवसांत चाळीसच्या पाचावर आल्या. कुंडी आता पाण्याच्या परातीत विटेवर ठेवलीय.

भुईचाफ्याला त्यांनी फारसं तोंड लावलं नाही.

१७ ऑगस्ट

हॅल्सियनची जागा भरली. काकूंनी स्वतः, मला न विचारता. भाजीवाल्या मावशींकडून वडीच्या अळूचे चार कंद आणून जूनमध्येच नळाजवळच्या ओलसर कोपऱ्यात खोचले होते. आज पाऊस थांबल्यावर पाहिलं: काळे देठ, आणि पानांवर ती निळसर धुरकट झाक. काकूंनी बोट फिरवलं. गडद रेघ उमटली.

मेणाचाच थर. त्यामुळे तर पाण्याचा थेंब पानावर मोत्यासारखा धावतो. अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून बोलण्यात वापरतो, आणि मी जानेवारीपासून निळं पान शोधत होते! जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, उरुई म्हणतात त्याला, हे काकूंना सांगितलं. "मग काय," त्या म्हणाल्या, "खायच्याच जातीचा निघाला की." डायरीतली कोरी जागा भरून झाली. चार पानं वडीसाठी काढली, डब्यात घालून मलाही दिली.

सोनटक्क्याला पहिली कळी.

२१ नोव्हेंबर

भुईचाफा पिवळा पडतोय. काकू घाबरल्या, रोज पाणी घालत होत्या. थांबवलं. आता पाणी दिलं तर गड्डे कुजतील. कॅलेडियमही बसलंय, त्याचे कंद तिथेच राहू दिलेत, वर आंब्याच्या पानांचं दोन इंच आच्छादन.

एप्रिलपर्यंत वाफ्याचा मधला भाग मोकळा दिसेल आणि कुणीतरी तिथे कोथिंबीर पेरायला खणेल, म्हणून दादांनी अकरा ठिकाणी बांबूच्या काड्या रोवल्या. काकूंनी प्रत्येकीला लाल दोरा बांधला.

होस्टाचा एक गड्डा शिल्लक आहे. कोंब तीनच, मागच्या वर्षी पाच होते. काकूंनी भाजीचा कप्पा आधीच रिकामा करून ठेवलाय. माती झटकली, कोकोपीट ओलं केलं, पिशवीवर आजची तारीख घातली.

चिठ्ठी मागच्याच वर्षीची लावली.